घरी कळवू नये

मंगळवार, दिनांक २५ मार्च २०१४ रोजी सकाळी आठच्या सुमारास आमच्या हायस्कुलाच्या हमरस्त्याकडे तोंड केलेल्या पाटीवर, वीतभर उंचीच्या काळ्या अक्षरांत पुढील मजकूर लावण्यात आला : ‘अभिनंदन मार्नी टॅकेट! कॉलेज पाहून आली!’ त्याच दिवशी दुपारी सव्वाबारा वाजता मार्नीच्या आईचा जबडा दोन ठिकाणी मोडला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, असे शाळेच्या कार्यालयाने मला लेखी कळवले आहे. म्हणून हे नोंदवून ठेवणे मला भाग आहे.

मार्नीची आई लॉर्ना टॅकेट शाळेच्या स्वयंपाकघरात सोळा वर्षे राबते आहे. मी त्याच शाळेत इतिहास शिकवतो. तिच्यासारखा मक्याचा पाव या डोंगरांत कुणाला जमत नाही, आणि तिच्यासारखे तोंडही कुणाला नाही. एकदा मी पाव पुन्हा मागितला, तेव्हा म्हणाली, “मास्तर, तुमच्या इतिहासातले राजे असेच मेले ना, दुसऱ्यांदा वाढून घेता घेता?”

तिचा नवरा ड्वाइट लाकडाच्या गिरणीत ट्रक चालवतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने तिचे मनगट दारात चेपले. मार्नी चार वर्षांची असताना उकळत्या घेवड्याचे पातेले लॉर्नाच्या पाठीवर उपडे केले. कुत्रा मध्ये पडला, म्हणून त्याला अंगणातच गोळी घातली आणि खड्डा मार्नीकडून खणून घेतला. शेरीफचा पोलीस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा ड्वाइटशी हरणांच्या शिकारीवर बोलून परतला. लॉर्ना दुसऱ्या दिवशी कामावर हजर. “भट्टीचं दार लागलं,” एवढेच सांगायची.

मार्नी अकरावीत गेली, तेव्हा बाकीच्या आईबापांप्रमाणे लॉर्नाही प्रवेशाआधी कॉलेजे पाहून यायच्या तयारीला लागली. इतर लोक कॉलेजचा फुटबॉलचा संघ कसा आहे, इथून सुरुवात करतात. लॉर्नाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला, आमच्या गावावर केक भाजायची पत्र्याची गोल थाळी उपडी ठेवली आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवली. ड्वाइट एका दिवसात जाऊन कामावर परत येऊ शकेल, एवढा तो मुलूख होता.

“याच्या आतलं एकही नको,” ती म्हणाली.

“अगं आई, आत दोन चांगली कॉलेजं आहेत!”

“आत तुझा बाप पण आहे.”

कॉलेज पाहण्यासाठी शाळा वर्षाला दोन दिवसांची रजा देते. मार्नीच्या रजेच्या अर्जावर लॉर्नाने सही केली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘घरी कळवू नये.’ तो अर्ज मी स्वतः मुख्याध्यापक होबार्ट साइझमोर यांच्या हातात दिला आणि कारणही सांगितले. “निश्चिंत राहा, मास्तर. चिठ्ठी नाही, फोन नाही,” असे त्यांचे शब्द होते.

सरकारी स्वयंपाक-प्रशिक्षणाला जाते, असे घरी सांगून लॉर्ना मुलीला घेऊन बहिणीच्या गाडीतून सात तास दूर गेली. तिथला प्रकार मला मार्नीने सांगितला. अशा भेटींच्या प्रथेप्रमाणे कॉलेजचा एक विद्यार्थी पाहुण्यांकडे तोंड करून उलटा चालत माहिती देत होता. एका गृहस्थांनी ग्रंथालयाविषयी विचारले, एका बाईंनी नृत्यवर्गाविषयी. वसतिगृहापाशी लॉर्नाने विचारले, “हे दार किती लाथा सोसतं?”

विद्यार्थी हसला. “बाई, इथं दार तोडायला कोण येणार?”

“तोडणार नाही तो. हसत येईल, फुलं घेऊन येईल, ‘मी तिचा बाप’ म्हणेल. मग कोण अडवतं?”

उलटा चालणारा तो मुलगा जागीच थांबला. सगळ्यांना तसेच ठेवून तो तिला पहारेकऱ्याच्या खोलीकडे घेऊन गेला. मुलीने ज्याचे नाव दिलेले नाही, तो बाप असला तरी आत येत नाही, हे पहारेकऱ्याने तिला वही उघडून दाखवले. मार्नीने तेच कॉलेज निवडले. येत्या जूनपासून तिथेच राहून बारावी पुरी करण्याची सोय होती. त्यासाठी अकरा एप्रिलला मुलाखत ठरली.

आणि पंचवीस मार्चला ड्वाइट लाकडे भरलेला ट्रक घेऊन शाळेवरून गेला.

तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला. समोर ताटे घेऊन पन्नासेक मुले उभी होती. “काय गं, ट्रेनिंग झालं ना? दाखव की पोरांना काय शिकलीस ते!” त्याने तिचे केस धरले आणि तोंड पोलादी ओट्यावर आपटले. पुन्हा आपटले. तिसऱ्यांदा आवाज वेगळा आला. मार्नी रांगेतून धावली. त्याने तिचा उजवा हात शीतकपाटाच्या चौकटीत धरला आणि ते जड दार त्यावर लोटले. “आता लिही. कुठल्या हातानं लिहितेस ते बघतो.” मी त्याच्या पाठीवर खुर्ची मोडली, तो वळलादेखील नाही. शेरीफची माणसे आली तेव्हा तो ओट्याला टेकून हात पुसत होता. शुक्रवारी तो जामिनावर सुटला.

मी साइझमोर यांना गाठले. ते म्हणाले, “आम्ही घरी कळवलंच नाही, मास्तर. अर्जावर होतं ते तंतोतंत पाळलं. पाटीवर नाव लावायची तर आपली परंपरा आहे. पोरीचं कौतुकच केलं ना?”

इस्पितळात लॉर्नाचा जबडा तारांनी बांधला होता. तिने कागदावर लिहिले : ‘मुलाखतीला जा.’

“तुला अशी टाकून?” मार्नी म्हणाली. तिचा हात खांद्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता.

लॉर्नाने तोच शब्द पुन्हा लिहिला, ‘जा’, इतका दाबून की कागद फाटला. मार्नी गेली नाही. अकरा एप्रिलला ती डाव्या हाताने आईला नळीतून सूप पाजत होती. कॉलेजने ती जागा दुसऱ्या मुलीला दिली. दोघी आता लॉर्नाच्या बहिणीकडे राहतात, ड्वाइटच्या गिरणीपासून पाच मैलांवर.

सोमवारी, बारा मे रोजी, सायंकाळी सहा वाजता शाळा मंडळाची बैठक आहे. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लेखी संमतीवाचून त्याचे नाव पाटीवर, वर्तमानपत्रात किंवा ध्वनिक्षेपकावर जाऊ नये, असा ठराव मी दिला आहे. माझ्याखेरीज कुणाचीही तक्रार नाही, असे मंडळ म्हणते. गावकऱ्यांनो, त्या पाटीसमोरून तुम्ही सगळे गेलात. बैठकीला या आणि ठरावाच्या बाजूने हात वर करा.