दुखण्याविषयी न बोलण्याचा नियम

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. विसरलो म्हणायला जागाच नाही. कुणी त्या बुधवारचा विषय काढला की मी उठून पाणी प्यायला जायचो, हवामानाकडे गाडी वळवायचो. आता लिहितो आहे, पण त्यात माझं काही धैर्य नाही. जिला हे सांगायला हवं होतं ती आता नाही. तिच्यामागे लिहिणं सोपं आहे, आणि त्या सोपेपणाचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. देशापासून दूर, सस्काटून शहरात आम्ही चार निवृत्त मराठी माणसं दर बुधवारी दुपारी जमायचो. प्राध्यापकांचं बेसमेंट, जुने सोफे, थर्मासमध्ये चहा. प्राध्यापकांनी जन्मभर विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकवलं होतं. एक गृहस्थ हायवे खात्यातले. माझा मित्र पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर होता. आणि मी डॉक्टर. आजूबाजूच्या लहान गावांमधून तीस वर्षं प्रॅक्टिस केलेला, आणि बसल्या जागी मोफत सल्ला मागणाऱ्यांना कंटाळलेला.

पहिल्या हिवाळ्यात आमच्या बैठकीचं दवाखान्यात रूपांतर झालं. एकाची शुगर, एकाचा गुडघा. लोक रिपोर्ट खिशात घालून यायचे. शेवटी मी नियम काढला: बेसमेंटचा जिना उतरला की स्वतःच्या दुखण्याविषयी बोलायचं नाही. बोलेल त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. सगळ्यांना तो आवडला. त्याच सुमारास प्राध्यापकांनी लायब्ररीतून ग्रीक तत्त्वज्ञांवरची पुस्तकं आणली होती, आणि त्यांच्या डोक्यातून एक खेळ निघाला. चार पंथ, चार चिठ्ठ्या. ज्याला जो पंथ येईल त्याने हिवाळाभर त्याची वकिली करायची, पटो न पटो.

प्राध्यापकांना संशयवादी आले, म्हणजे कशाचाही ठाम निर्णय न देणारे. हायवेवाल्यांना सिनिक आले, ज्यांना घरदार, मानपान काहीच नको. ते भलतेच खूश झाले. मला स्टोइक. अथेन्समधल्या रंगवलेल्या ओसरीत शिकवणारे ते, ज्यांच्या मते सद्गुण तेवढाच चांगला आणि बाकी सगळं गौण. माझा नियम मी लगेच त्यांच्या नावावर चढवला. माझ्या मित्राला एपिक्युरस आला.

"म्हणजे खा, प्या, मजा करा," हायवेवाले म्हणाले.

"वाचून या हो जरा," मित्र म्हणाला. "त्याच्या बागेत पाणी, भाकरी आणि फार तर चीजचा तुकडा. सुख म्हणजे दुखणं नसणं. आणि मित्र असणं. माझी बाजू तुमच्यापेक्षा सभ्य आहे."

तो मन लावून वाचायचा. मी पुस्तकाची पहिली काही पानं वाचून यायचो आणि उरलेलं आवाजाने भरून काढायचो.

जानेवारीतला तो बुधवार. बाहेर उणे तीस. विषय होता: वेदना वाईट असते का? मी ओसरीच्या बाजूने भाषण ठोकलं. वेदना शरीराला होते, माणसाला नाही, वगैरे. मग मित्र उठला.

"एपिक्युरस शेवटच्या दिवशी लघवीच्या विकाराने तळमळत होता," तो म्हणाला. "तरी त्याने मित्राला पत्र लिहिलं. आनंदाचं लिहिलं, पण किती दुखतंय तेही लिहिलं. लपवलं नाही. मित्राला नाही सांगायचं तर कुणाला?" मग माझ्याकडे वळून, "आता हेच बघ. चार दिवस झाले, जिना चढलो की इथं छातीवर कुणी हात दाबून धरल्यासारखं होतं. जबड्यापर्यंत जातं. थांबलो की जातं. याला डॉक्टर काय म्हणणार?"

"वा! पुराव्यासकट आला की!" हायवेवाले ओरडले.

"साक्षीदार फितूर आहे," मी म्हणालो. "आमच्या मते छाती गौण. आणि आरोपीने नियम मोडलाय. कप धू."

सगळे हसले. तोही हसला. त्याने खरोखर चारही कप धुतले.

इथपर्यंत माझी चूक ही चूक म्हणून खपेल. तो आपल्या पंथाची बाजू मांडतोय असंच मला वाटलं, असं मी म्हणू शकतो. पुढचं खपणार नाही. दाराशी बूट चढवताना तो माझ्या शेजारी वाकला आणि हळूच म्हणाला, "अरे, मी खरंच विचारत होतो. हिला अजून बोललो नाही. बोललो तर आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत नेऊन बसवील. आधी तू एकदा बघ, मग लगेच तिला सांगतो."

माझी गाडी बाहेर गरम होत होती. मला घरी जायचं होतं.

"सरळ अपील?" मी म्हणालो. "पुढच्या बुधवारी सुनावणी."

जिना चढताना छातीवर दाब, जबड्यात कळ, थांबलं की बरं. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. मी तीस वर्षं हेच सांगून लोकांना हॉस्पिटलात पाठवत होतो. अनोळखी शेतकऱ्यांना पाठवलं. मित्राला कप धुवायला लावले.

शनिवारी तो ग्रोसरी घेऊन घरी आला. गव्हाच्या पिठाची पिशवी गाडीतून काढून दोन पायऱ्या चढला आणि तिथेच गेला.

शोकसभेत मला बोलायला लावलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हिवाळाभर एपिक्युरसची बाजू मांडली, पण माणूस खरा स्टोइक. शेवटपर्यंत कुणाला अवाक्षर बोलला नाही." मुद्दाम, शुद्धीत बोललो. लोकांनी डोळे पुसले. त्याचा मुलगा मार्कहॅमहून आला होता, त्याने मिठी मारून म्हटलं, "काका, दॅट वॉज हिम. अ ट्रू स्टोइक." तेच त्याने वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत छापलं. आता ते वाक्य नातवंडांना सांगितलं जातं. माझं खोटं त्या घरात बापाची आठवण म्हणून नांदतं आहे.

त्या बिचाऱ्या ओसरीवाल्यांनाही मी उगाच बदनाम केलं. नंतर मी ती पुस्तकं नीट वाचली. प्रकृती चांगली असेल तर ती पसंत करावी, तिची काळजी घ्यावी, असंच तेही म्हणतात. दुखणाऱ्याचं तोंड बंद करा असं कुठेच नाही. तो नियम माझा होता, माझ्या कंटाळ्यातून निघालेला. आणि आपली मराठी माणसं अजून कौतुकाने सांगतात, अमका कसा काही न बोलता गेला! अरे, बोलला असेल. तुम्ही ऐकलंत का?

वहिनी मात्र त्या सभेत रडल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सदतीस वर्षं संसार केला भावजी. मला एका शब्दाने सांगू नये? मी काय परकी होते?" मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, दुःखाने.

त्या मुलाकडे राहायला गेल्या. फोनवर दर वेळी हेच. नवऱ्याचा फोटो त्यांनी हॉलमधून आतल्या खोलीत नेल्याचं मुलाकडून कळलं. काही वर्षांनी मी ठरवून मार्कहॅमला गेलो. सांगायचं म्हणूनच गेलो. वहिनींनी उपमा केला, मला जवळ बसवलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "एका गोष्टीचं बरं वाटतं बघा. तुम्ही डॉक्टर, इतके जवळचे, तुम्हालाही बोलले नाहीत. म्हणजे माझ्यावरच अविश्वास होता असं नाही ना?"

"नाही वहिनी," मी म्हणालो, आणि उपमा खाल्ला.

विमानात मी स्वतःला समजावलं की त्यांचा आधार काढून घेणं क्रूर झालं असतं. खोटारडा! तो आधार कुबडीसारखा होता, आणि पाय मीच मोडला होता. खरं कळलं असतं तर त्या मला घराबाहेर काढत्या, पण त्यांचा नवरा त्यांना परत मिळाला असता. मी माझी खुर्ची वाचवली.

मागच्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. मी सभेला गेलो नाही, गुडघ्याचं कारण सांगितलं. त्या उपम्याच्या ताटासमोर जे बोलायचं होतं, ते मला शब्दन्‌शब्द पाठ होतं, अजून आहे. वहिनी, त्याने तुम्हाला परकं मानलं नाही. तुम्हाला तो सांगणारच होता, फक्त आधी मला विचारून. त्याने विचारलं, दोनदा विचारलं. मी ऐकलं नाही आणि नंतर तोच गप्प राहिला असं सांगत फिरलो. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. त्याचा फोटो बाहेर आणा. मला माफ करा.