सत्काराचा फोटो

"शाल घेताना कशी दात काढत होतीस! तवा इचारलंस का, दादा, कॉईन म्हंजे काय? आता आली डॉलर मागायला."

दादा असं बोलला आणि ऑफिसात बसलेले त्याचे दोस्त हसले. एकाच्या तर हातातला चहा सांडला. मी दारात उभी. चपला बाहेर काढून आलेली, हातात मोबाईल. मोबाईलवर ॲप उघडं, आणि त्यात माझे पैसे हिरव्या आकड्यांत वाढतच चाललेले. दिसत होते. काढायला मिळत नव्हते.

"चुकलं, दादा," मी म्हणाले.

मी म्हणाले! पैसे माझे गेले आणि माफी मीच मागितली. आजही आठवलं की माझा मलाच राग येतो.

दादा म्हणजे आमच्या गोडाऊनच्या जागेचा मालक. दापोड्यातलं ते गोडाऊन त्याच्या जमिनीवर, आणि तिथे बाया पुरवायचं कंत्राटही त्याचंच. मी पॅकिंगला होते. खोक्यात माल भरायचा, टेप मारायची, स्टिकर चिकटवायचं. राहायला कामतघरला, चाळीत. नवरा कापडाच्या लूमवर. माहेर अंबाडीच्या आतल्या गावात, भातशेतीचं. दादाच्या ऑफिसात आम्हा बायांना कधी खुर्ची नव्हती. काय सांगायचं ते दारातून सांगायचं आणि कामाला लागायचं.

पहिल्यांदा सुपरवायझरने ते ॲप मोबाईलमध्ये टाकून दिलं. परदेशातला कॉईन आहे, घेऊन ठेवायचा, भाव वाढतो, म्हणाला. मी दिवाळीचा बोनस टाकला. थोड्या दिवसांनी त्यातले थोडे पैसे खरंच परत आले. मी कुकर घेतला. किती खूश झाले होते मी त्या कुकरवर! आता कळतं, ते थोडे पैसे मुद्दामच परत देतात. तिथूनच माणूस विश्वास टाकतो.

मग गोडाऊनचा सत्यनारायण आला. दरवर्षी असतो. मांडव, भटजी, लाऊडस्पीकर. पुढे सोफ्यावर दादाचे पाहुणे, आणि आम्ही मागे, ट्रक लागतात तिथे, कागदी द्रोणात शिरा घेऊन उभ्या. आरती झाली आणि दादाने माईक हातात घेतला. म्हणाला, माझ्या बहिणींनी किती दिवस घाम गाळायचा? मी स्वतः कॉईन घेतलाय, पैसा दुप्पट होतो. समोर चौरंगावर देव. केळीचे खांब. समई अजून तेवत होती. देवासमोर कोण खोटं बोलेल? एकीच्याही मनात शंका आली नाही. पूजेच्या मांडवात कुणी पावती मागतं का?

आणि मग त्याने माझं नाव घेतलं. "आपल्या गोडाऊनच्या पहिल्या गुंतवणूकदार भगिनी." जन्मात पहिल्यांदा माझं नाव स्पीकरवर. मी द्रोण तसाच कुणाच्या तरी हातात दिला, पदराला हात पुसले आणि पुढे गेले. शाल, श्रीफळ, फोटो. दादाच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं मला.

खरं सांगते, मला ते आवडलं. तिथून माझ्या बाया मला लांब दिसायला लागल्या, आणि तेही आवडलं. लोक म्हणतात, पैशाला भुलली. मी खुर्चीला भुलले होते, हे कुणाला सांगू? सांगताना कान तापतात.

दुसऱ्या दिवशी माझा तो फोटो सगळ्या ग्रुपवर. लूमवाल्यांच्या ग्रुपवरही. खाली लिहिलेलं, "दीदी ने कमाया, आप भी कमाओ." मला कुणी विचारलं नव्हतं. मीही काही बोलले नाही. उलट आईने दिलेल्या पाटल्या मोडल्या आणि तेही पैसे टाकले. सत्कार झालेल्या बाईने थोडक्यावर थांबून कसं चालेल!

रंजनाताई माझ्याच टेबलावर काम करायची. नवरा नाही. पोरगी बारावी झालेली, नर्सिंगला घालायची म्हणून ताईने पै-पै जमवलेली. ते सगळं तिने ॲपमध्ये टाकलं. माझा फोटो बघून.

ॲडमिशनची वेळ आली तसं ताईने पैसे काढायचं बटण दाबलं. मेसेज आला, आधी टॅक्स भरा, मग पैसे सुटतील. तिने उसने घेऊन टॅक्स भरला. मग दुसरा मेसेज, खातं लॉक झालंय, ते उघडायची फी भरा. बाई गं, माझेच पैसे मला द्यायला माझ्याकडूनच पैसे कशाला लागतात? तिथेच ओळखायला हवं होतं. पण आम्ही दोघी त्या मोबाईलकडे बघत बसलो. ग्रुपवर विचारायला गेलो तर ग्रुपवर लिहायचंच बंद केलेलं.

"तू जा दादाकडं," ताई म्हणाली. "तुला मान हाय तिथं."

तो मान घेऊन मी गेले, आणि दारातून हसं करून घेऊन परत आले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "पाटल्या पन?" एवढंच म्हणाला आणि ड्युटीवर निघून गेला. गोडाऊनमध्ये मी डबा एकटी खायला लागले. ताईसमोर मान वर होत नव्हती.

मग एक दिवस दादाने बोलावलं. या वेळी एकटाच होता. "बस ना, ताई." खुर्ची दिली. एसी चालू. पाण्याचा ग्लास स्वतः पुढे केला.

"तुझं जेवढं गेलं तेवढं मी देतो, कॅशमधी," म्हणाला. "फक्त एक व्हिडिओ कर. माझे पैसे मिळाले, तुमचे पन मिळतील, टॅक्स भरून टाका. बाया तुझं ऐकतात."

आणि सत्कारात घालतात तसली एक नवी शाल त्याने माझ्या खांद्यावर टाकली. मोबाईल समोर धरला.

मी नको म्हटलं नाही. पाटल्या डोळ्यांसमोर आल्या. मी तोंड उघडलं, "नमस्कार, मी..." इथपर्यंत बोलले. ही माझी सगळ्यात मोठी लाज आहे. दादाच्या ऑफिसात हसले ती नाही, फोटो फिरला ती नाही. मी बोलायला लागले होते, ही.

मग मीच थांबले. "दादा, रंजनाताईचे?"

"तिचं सोड. ती अडानी बाई हाय. तू समजदार हायस."

ताईने पैसे टाकले तेव्हा तिलाही तो समजदारच म्हणाला होता. मी दारात आले तेव्हा मी अडाणी. आता खुर्चीत बसले तर पुन्हा समजदार. हा मेला सगळ्यांना एकच वाक्य वाटत फिरतोय, आणि आम्ही ते प्रसादासारखं हात पुढे करून घेतोय!

शाल काढली. टेबलावर ठेवली.

"मला न्हाय जमायचं."

"ताई, उद्या गेटवर कामाला घेनार न्हाय तुला."

"नका घेऊ."

तशीच पॅकिंगच्या टेबलापाशी गेले, आणि ताईला, बाकीच्या बायांना सगळं सांगितलं. दादाने काय देऊ केलं ते, आणि मी किती बोलले तेही. आता कुणी टॅक्स भरायचा नाही. ॲप काढून टाकायचं नाही. मेसेजचे फोटो काढा, बँकेचं पासबुक आणा. ऐकून दोघी रडल्या. एक म्हणाली, "आता सांगते व्हय?" बरोबर म्हणाली. रंजनाताई पासबुक घेऊन आली.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "एवढं व्याज कोण देतं, बाई? एवढं तरी कळायला नको?" खाली बघून उभी राहिले. पण उभी राहिले. "फिर्यादी म्हणून पहिलं नाव कुणाचं?" त्यांनी विचारलं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, माझं लिहा. तो फोटोही लावा सोबत.

दुसऱ्या दिवशी गेटवरून मला परत पाठवलं. आता कामतघरातच एका लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. पैसे आले नाहीत. मध्ये एकाचा फोन आला, "मॅडम, आपका पैसा निकाल के देंगे, बस थोडी फीस." मी अशी शिवी घातली की शेजारीण बाहेर आली.

रंजनाताईची पोरगी यंदा नर्सिंगला गेली नाही. आमच्याच चाळीच्या कोपऱ्यावर दुकानात कपड्यांच्या घड्या घालते. ताई माझ्याशी बोलत नाही. मी काय तोंडाने बोलायला जाऊ?

परवा दादाचा माणूस घरी आला होता. तक्रारीतून नाव काढ, दादा बघेल तुझं, म्हणाला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी दाराशी आले आणि त्या माणसाला दारातच उभं ठेवलं.

"नाव निघनार न्हाय," मी सांगितलं. "त्याला सांग, कोर्टात भेटू."

लाज मला वाटते. आजही वाटते, आणि जायची नाही. कोर्टात वकील विचारेल, एवढी कशी फसलीस, तेव्हा सगळ्यांसमोर सांगीन, खुर्चीला भुलले. व्हिडिओला तोंड उघडलं होतं, तेही सांगीन. ज्याला लाज वाटायला पाहिजे तो गळ्यात चेन घालून फिरतोय. म्हणून मी तोंड लपवून बसणार नाही. तारीख पडेल तेव्हा जाईन. रोजी बुडेल, बुडू दे. जाईन.