आत्याच्या आगाऊ श्रद्धांजल्या

आमच्या आत्याने जेवढी माणसं मारली तेवढी कर्जत तालुक्यात कुठल्या साथीनेही मारली नसतील. मारली अर्थात कागदावर, आणि तीही चांगल्या शब्दांत. मिरजगावजवळच्या तिच्या खेड्यात एकदा कुणी साहित्यिक भाषणाला आले होते. लिहायला उपजत प्रतिभा लागते, असं ते म्हणाले. आत्या बायकांतून उठून उभी राहिली. "आन् ती नसली तर?" साहित्यिक नुसतेच हसले. ते हसणं तिला झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून डेअरीला दूध घातलं की ती दारातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसू लागली आणि पान भरल्याशिवाय उठेना. गॅस थंड आणि मामा, म्हणजे तिचे यजमान, उपाशी. "सुचत नसंल तर ऊठ की," ते काकुळतीला येऊन म्हणत. "म्हस काय सुचल्यावर दूध देती व्हय?" आत्या मान वर न करता म्हणे. "लिहिनं डोक्यात नस्तंच, बुडात अस्तं. टेकलं की झालं."

प्रतिभा तिच्याकडे खरोखरच नव्हती, हे मी जबाबदारीने सांगतो. पण विषय संपायला प्रतिभा लागत नाही. म्हैस झाली, दारातला लिंब झाला, कुकरची शिट्टी झाली, मामांचं घोरणं तर दोन भागांत झालं. मग तिच्या ध्यानात आलं, की माणूस गेला की त्याच्यावर पानभर सहज लिहिता येतं. अडचण एवढीच, की गावात रोज कुणी जात नाही. त्यावर तिने सरळ उपाय काढला. रोज एका जिवंत माणसाची श्रद्धांजली! गावात हाहाकार उडाला. पोस्टमन तिचं दार टाळून शेतातून जाऊ लागला. गिरणीवाल्याने "तुझी कालच झाली" एवढं ऐकलं आणि तडक नगरला जाऊन छातीचा ईसीजी काढून आला.

पुढे मामांनी कळस केला. लेकीच्या वास्तुशांतीचा फ्लेक्स करायला म्हणून त्यांनी चष्मा न लावता भलताच कागद मिरजगावला नेऊन दिला. ती होती आत्याने लिहिलेली शेजारच्या नानांची श्रद्धांजली. नाना एकटे, तोंडाने फाटके, साऱ्या गावाशी भांडलेले. त्या दिवशी लेकीकडे पारनेरला गेलेले. फ्लेक्सवाल्याकडे त्यांचा पडलेल्या निवडणुकीतला हात जोडलेला फोटो होताच. दुपारी स्टँडवर "भावपूर्ण श्रद्धांजली" झळकली. नानांच्या लेकीला फोन कुणी करायचा यावर गावात वाद चालू असतानाच संध्याकाळच्या एसटीतून नाना उतरले. चहावाल्याच्या हातून गाळणं पडलं. नाना स्वतःच्या फोटोसमोर उभे राहिले आणि ओळीवर बोट फिरवल्यासारखं सगळं वाचत गेले. त्यात एक वाक्य होतं: उन्हाळ्यात यांच्या विहिरीवर पाणी मागायला जाणाऱ्याला आधी शिवी मिळे आणि मग बादली, पण रिकाम्या हाताने कुणी परत आलं नाही.

आत्याला बोलावणं गेलं. आज आपलीच श्रद्धांजली, असं समजून ती पदर खोचून आली.

"वैनी," नाना फ्लेक्सवरची नजर न काढता म्हणाले, "ह्ये समदं माझ्याबद्दलच हाय?"

"व्हय."

"मंग कदी बोलला न्हाई त्ये?"

"तुमी कदी ऐकाय थांबलाव का?"

नानांनी फ्लेक्स उतरवून घेतला आणि घरी नेऊन कडब्याच्या गंजीवर अंथरला. छापलेली बाजू आत, उन्हाने अक्षरांचा रंग उडू नये म्हणून. त्यानंतर आत्याच्या दारात रांग लागली. पोस्टमन स्वतःहून येऊन बसला. गिरणीवाला म्हणाला, "आत्याबाई, माझ्यात जरा माझ्या आवाजाचं बी घ्या."

गेल्या दिवाळीत मी पुण्याहून तिच्याकडे गेलो होतो. तिचा हात आता थरथरतो, एका पानाला सगळी सकाळ जाते. निघताना धीर करून मी विचारलं, "आत्या, माझी लिहिलीस का गं?"

तिने चष्मा काढून पदराने पुसला.

"घेतली रं दोन-तीनदा. अर्ध्या पानावर संपती. तू ल्हान हुतास तितपत्तूर भरतंय, म्होरलं मला काय म्हाईतच न्हाई." मग माझ्या हातात चकल्यांची पिशवी देत म्हणाली, "येत जा की अदनंमदनं."