माकडांमधले आजोबा

आमच्या आजोबांचे एकच छायाचित्र आहे आणि ते वस्तुतः माकडांचे आहे. मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात कोणी हौशी गृहस्थ पिंजऱ्यातल्या माकडांचा फोटो काढत असता, त्यांतल्या एकाने आजोबांची काळी टोपी आत ओढली. ती सोडवण्यासाठी गजांतून हात घातलेले, बोडके, संतापलेले आजोबा त्यामुळे डाव्या कडेला उमटले. त्या गृहस्थाने सांत्वनादाखल एक प्रत पाठवली. पुढे आजोबा गेले आणि दुसरा फोटो नसल्यामुळे पितृपक्षातल्या म्हाळाला याच फोटोला हार पडू लागला. माकडे मधोमध असल्याने तो प्रथम त्यांना पोचे.

यंदा काकीने, म्हणजे आजोबांच्या धाकट्या सुनेने, नकार दिला. माकडांनी तिच्या माडांवर एक शहाळे शिल्लक ठेवले नव्हते.

“झिला, माझे नारळ खातत, तेंकाच मी हार घालू? मामंजींका तेवढे भायर काढून हाड.”

आजोबांना तेवढे बाहेर काढून आणायला मी फोटो घेऊन कणकवलीच्या स्टुडिओत गेलो.

“माकडं काढली की आजोबांचा हातही जाणार,” स्टुडिओवाला संगणकात पाहत म्हणाला. “कोट घालू का? कोटाला हात असतातच.”

मला नको म्हणायचे होते; परंतु मागे दोन माणसे खोळंबली होती, म्हणून मी ‘बरं’ म्हणालो. त्या एका ‘बरं’वर आजोबांना निळा कोट, टाय, टोपी आणि पाठीमागे विजयदुर्गाची तटबंदी प्राप्त झाली. चेहरा तेवढा संतापलेलाच राहिला. आता ते कोटावर रागावल्यासारखे दिसत होते.

काकी मात्र प्रसन्न झाली. “आता कसे मामलेदार दिसतत.”

म्हाळाच्या दिवशी हार कोटातल्या फोटोला पडला. गडग्यावर, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणावर, कावळ्यासाठी पान वाढले, त्याला आमच्याकडे वाडी म्हणतात. कावळा फणसावर बसला, त्याने पाहिले आणि तो तिथेच राहिला. तो शिवल्याशिवाय कोणी जेवायचे नसते. आत वडे निवत होते. पितरांची काही इच्छा राहिली असेल म्हणून एकेकाने हात जोडून शब्द दिले: कोणी देवळाची पायरी दुरुस्त करण्याचा, कोणी बहिणीशी बोलण्याचा. कावळा हलला नाही.

“वळखतलो कसो?” शेजारचे काका पायरीवरून म्हणाले. “कोट बघून तेका वाटला आसतला, मोजणीवालो इलो.”

सगळ्यांनी काकीकडे पाहिले. तिने एकदा माडांकडे पाहिले. मग गडग्याजवळ गेली.

“लावतंय मामंजीनू, जुनो फोटो परत लावतंय. माकडांसकट.” आणि जरा हळू, “पण नारळाचा माझा भांडाण वेगळा आसा.”

कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला.

जुना फोटो जागेवर आला. काकीने हार असा तिरपा घातला की झेंडूच्या फुलांआड एकही माकड दिसू नये. आजोबांचा हात तेवढा फुलांत शिरलेला दिसतो. कोटातला फोटो तिने पडवीच्या खांबाला माडांकडे तोंड करून टांगला. “हंयसून राखण करतले,” म्हणाली.

माकडे येतात ती येतातच. परवा एक मोठे माकड त्या फोटोसमोर गडग्यावर बराच वेळ बसून होते. माझ्या अंदाजाने ते टोपीकडे पाहत असावे.