आदल्या गिऱ्हाइकाचा कोन

ऑफिसात त्यांना सगळे ‘पुसूनघ्या’ म्हणत. तोंडावर अर्थात ‘सर’. चहाचा कागदी कप पिऊन झाल्यावर फेकायचा असतो, हे त्यांना कधीच पटले नाही. पुसून घेतला की संध्याकाळपर्यंत जातो, असे ते सांगत. कपाचा तळ मात्र दुपारीच जाई आणि पुढची बैठक ओल्या कागदांवर पार पडे. घरी पाकिटे उलटून वापरली जात आणि साबणाच्या चिपा एकमेकींना चिकटवून त्यांचा नवा साबण होई. एखादी वस्तू पुन्हा वापरता येत नसेल, तर दोष वापरणाऱ्याचा, असे त्यांचे तत्त्वज्ञान होते. ते त्यांनी प्रोग्रॅममध्येही नेले, आणि त्याबद्दल त्यांना बढती मिळाली.

त्यांचे सॉफ्टवेअर चष्म्यांच्या दुकानांत चाले. ते ज्या तयार सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर्कवर, उभे होते, त्याचा शिरस्ता असा, की प्रोग्रॅमच्या कुठल्याही भागाने आपल्याला लागणारी वस्तू स्वतः घडवायची नाही, नुसती मागायची. फ्रेमवर्क ती घडवून हातात आणून देते. सासुरवाडीला आलेल्या जावयाला स्वयंपाकघर कुठे आहे हे ठाऊक नसले तरी चालते, तसेच. गिऱ्हाईक खुर्चीत बसले की त्याच्या डोळ्यांसाठी एक कोरी नोंद मागितली जाई. फ्रेमवर्क ती नव्याने घडवून देई आणि गिऱ्हाईक गेले की टाकून देई.

टाकून देई! सरांना हे खपणे शक्यच नव्हते.

हौशी लोकांसाठी फ्रेमवर्कमध्ये एक सोय होती : अमुक वस्तू कशी घडवायची, याचा नियम तुम्हीच लिहून द्या. सरांनी लिहून दिला. नवी घडवूच नका. आदल्या गिऱ्हाइकाची नोंद घ्या, नाव पुसा, दोन्ही डोळ्यांचे नंबर पुसा आणि तीच पुढच्याच्या हाती द्या. मागणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. संगणकाच्या मेमरीतली जागा वाचली. ‘‘किती वाचली, सर?’’ असे ऑफिसात प्रोग्रॅमची चाचणी करणाऱ्या बाईंनी विचारले होते. ‘‘प्रश्न किती वाचली याचा नाही, तत्त्वाचा आहे,’’ असे सर म्हणाले. म्हणजे फारशी वाचली नव्हती.

सरांची बायको शर्टांच्या कारखान्यात काजे करण्याच्या मशीनवर होती. तिचा नंबर वाढला, तेव्हा चष्मा साहजिकच सरांचे सॉफ्टवेअर असलेल्या दुकानातूनच झाला. नव्या काचा आल्या आणि काजे तिरपी पडू लागली.

‘‘अहो, या चष्म्यातून शिवणीची रेघ कलते.’’

‘‘सवय होईल.’’

‘‘दाराची चौकटसुद्धा कलते.’’

‘‘चौकट जुनीच आहे.’’

‘‘थट्टा नको. सोमवारच्या गठ्ठ्यात काजं वाकडी आली तर मशीन दुसरीला देणार, असं सुपरवायझर बाईंनी सांगितलंय. मी पॅकिंगला. इतकी वर्षं मशीनवर बसून आता खोकी चिकटवू?’’

‘‘चष्म्यात चूक असूच शकत नाही. ऑर्डर आमच्या सॉफ्टवेअरने पाठवलीय.’’

‘‘मग काजंही त्यालाच करायला सांगा.’’

जुना चष्मा लावावा, तर नव्या काचा सरांनी काटकसरीने जुन्याच फ्रेममध्ये बसवून घेतलेल्या. शेवटी शनिवारी, तिची समजूत पटवण्याच्या उदात्त हेतूने, ते तिला घेऊन दुकानात गेले.

चष्मेवाल्याने तिच्या काचा यंत्राखाली धरल्या आणि भुवया चढवल्या. ‘‘वहिनी, यात सिलिंडरचा नंबर आहे, कोनासकट. एकाच दिशेच्या रेषा पुसट दिसणाऱ्यांना देतात तो. तुमच्या डोळ्यांत तसलं काहीच नाही. मी ते रकाने कोरे सोडले होते.’’

‘‘चुकून भरले असतील तुम्ही,’’ सर म्हणाले.

‘‘तुमच्यासमोर पुन्हा भरतो, साहेब. आधी या आजोबांचं होऊ द्या.’’

आजोबांना सिलिंडर होता, कोनही होता. त्यांची ऑर्डर गेली. मग चष्मेवाल्याने वहिनींसाठी नवी नोंद मागितली. नाव कोरे. दोन्ही नंबर कोरे. सरांनी विजयी मुद्रेने स्क्रीन खाली सरकवला, जो एरवी कोणी सरकवत नसे, आणि तळाशी आजोबांचा कोन ऐसपैस बसलेला दिसला.

आजोबा दारातून वळले. ‘‘माझं काही राहिलंय का?’’

‘‘हो,’’ बायको म्हणाली, ‘‘तुमचा कोन.’’

सरांना सगळे एका क्षणात कळले. सिलिंडर आणि कोन हे रकाने दुकानदारांच्या आग्रहावरून त्यांनीच मागाहून घातले होते. फक्त ते जन्माला आल्याची वार्ता पुसणाऱ्या नियमाला कोणी कळवली नव्हती. कितीजणांच्या घरच्या चौकटी आजवर कलल्या असतील, हा विचार त्यांनी अर्धाच केला.

‘‘माझीच काही चूक झाली असेल, साहेब,’’ चष्मेवाला नम्रपणे म्हणाला. वाट आयती मोकळी होती. पण बायको सरांकडे पाहत होती, आणि त्या चष्म्यातूनही ती नेमके पाहत होती.

‘‘चूक माझी आहे,’’ सर म्हणाले. मग त्यांनी चाचणीवाल्या बाईंना फोन लावला. ‘‘नोंद घडवण्याचा माझा नियम काढून टाका. फ्रेमवर्कला त्याच्या पद्धतीने घडवू द्या. प्रत्येकाला नवी. आणि आजवर गेलेल्या ऑर्डरी तपासायला घ्या.’’

‘‘मेमरी, सर?’’

‘‘भरू दे.’’

‘‘आणि तत्त्व?’’

फोन कट झाला.

‘‘काचा उद्या मिळतील,’’ चष्मेवाला म्हणाला. ‘‘फ्रेम?’’

‘‘तीच पुसून...’’ सर म्हणाले आणि थांबले.

‘‘नवी,’’ बायको म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा सर दारातच उभे होते. ‘‘गठ्ठा?’’

‘‘पास झाला. मशीन माझंच.’’ तिने चप्पल काढली, पर्स ठेवायला कपाटाचा खण उघडला आणि आतली पुडी सोडली. आत तो जुन्या फ्रेमचा चष्मा होता, चुकीच्या काचांसकट, स्वच्छ पुसलेला. ‘‘हा अजून ठेवलात?’’

‘‘कोणाला तरी लागेल.’’

‘‘लागेल ना. लावा बरं. आणि दाराकडे बघा.’’

सरांनी लावला. चौकट कलली.

‘‘सवय होईल,’’ बायको म्हणाली आणि आत गेली.