कौशल्याताईंच्या चाकूची क्लिप

अमरावतीच्या इतवारा बाजारात अब्दुल गफ्फार यांचं धार लावायचं दुकान आहे. कात्र्या, विळे, अडकित्ते, वस्तरे, चाळीस वर्षं हेच काम. सगळे त्यांना गफ्फारचाचा म्हणतात. हाताला नाव होतं आणि त्या नावाचा त्यांना गर्वही होता.

डिसेंबरात तिवस्याहून कौशल्याताई आल्या. त्या संत्र्याच्या नर्सरीत कलमाचे डोळे बांधायच्या. जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर द्यायची, तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. दिवसभर वाकून काम. साडीवर पुरुषी शर्ट घालायचा आणि त्याच्या खिशाला घडीचा चाकू क्लिपनं अडकवायचा. ती क्लिप तुटली होती.

"वाकलं का चाकू खाली पडते, चाचा. नवी बसवून द्या."

दुकानात आणखी दोघंतिघं गिऱ्हाइकं उभी होती. गफ्फारचाचा त्यांच्याकडे बघत म्हणाले, "पाच मिनिटात करून देतो, ताई. गफ्फारचं काम पुन्हा पाहा लागत नाई."

एका मोडक्या चाकूची क्लिप चपखल बसली. स्क्रू मात्र डब्यात मिळाले ते किंचित लांब होते. ते पिळून त्यांनी चाकू उघडला, तर पातं उघडं धरून ठेवणारी आतली पट्टी पुरती बसली नाही, कडेवरच थांबली. स्क्रूचं टोक तिला आतून अडवत होतं. त्यांना ते तेव्हाच कळलं. टोक कानशीनं घासायला दहा मिनिटं पुरली असती. पण आत्ताच एवढं बोलून बसलेले. सगळ्यांसमोर पुन्हा उघडायचं जिवावर आलं. त्यांनी चाकू मिटला आणि ताईंच्या हातात दिला.

जानेवारीच्या शेवटी त्या परत आल्या. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर टाक्यांचा जाड वण होता आणि ते बोट वाकत नव्हतं.

"पातं सालीत फसलं होतं. ओढाले गेली त चाकू हातावरच मिटला," त्या म्हणाल्या. "तुमची क्लिप लय चांगली हाये, हालली बी नाई. माहाच हात चुकला. मालक म्हणते, तुहा हात आता थरथरते. पाणी द्यायले लावलं मले. बोट सुधारलं का पुन्हा बसीन कामाले, म्हणून धार लावून द्या."

गफ्फारचाचांनी चाकू उघडून उजेडात धरला. आतल्या पट्टीवर स्क्रूच्या टोकानं ओढलेली चकचकीत रेघ होती. त्यांनी मान वर केली नाही. स्क्रू काढून घासले, पुन्हा बसवले, धार लावली. "आता बराबर चालन," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. ताईंनी वर आभार मानले.

त्यानंतर चाचांना जेवण गोड लागेना. कोणी कामाची तारीफ केली की कान तापायचे. शेवटी त्यांनी कुलसुमबींना, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मेरे कू कायको बता रहे? उस बाई कू जाके बोलो."

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं तिवस्याला गेले, विचारत विचारत नर्सरीत पोचले. कौशल्याताई डाव्या हातात पाइप धरून रोपांना पाणी देत होत्या.

"ताई, तुमचा हात नोयता चुकला," ते म्हणाले. "म्या लंबा स्क्रू लावला होता. पट्टी बसत नोयती. मले तवाच मालूम होतं."

ताईंनी पाइप खाली ठेवला.

"अन् मी परत आली होती, तवा कावून नाई सांगतलं?"

"शरम वाटली."

"तुमाले शरम वाटली," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अन् मी महिनाभर समद्याइची बोलणी खाऊन राहिली. चला. आता हे मालकासमोर सांगा."

मालक खुशालराव शेडमध्ये होते. आजूबाजूला दहाबारा बाया रोपं बांधत होत्या. साठी ओलांडलेल्या गफ्फारचाचांनी त्यांच्यासमोर उभं राहून पहिल्यापासून सगळं सांगितलं, आपण केलेल्या बढाईसकट. बायांचे हात थांबले होते.

खुशालरावांनी ताईंचं बोट पाहिलं. मग ताईंना म्हणाले, "मले वाटलं, तुमचाच हात गेला." आणि नजर वळवली.

ताई पुन्हा पाण्याकडे गेल्या. त्यांनी पाइप उचलून गफ्फारचाचांकडे पाठ केली, तेव्हा ते गेटबाहेर पडले.

पुढच्या हंगामात खुशालरावांनी ताईंना पुन्हा डोळे बांधायला बसवलं. बोट वाकत नाही ते नाहीच; त्या मधल्या बोटानं चाकू धरायला शिकल्या. पहिल्याइतकी रोपं होत नाहीत, पण त्यांनी बांधलेले डोळे वाया जात नाहीत. तिवस्याच्या एका गिऱ्हाइकानं गफ्फारचाचांना हे सांगितलं.

ताई मात्र पुन्हा दुकानात आल्या नाहीत. त्यांनी यावं असं चाचांना अजून वाटतं, पण निरोप धाडायला तोंड होत नाही.