पाटी असताना

वडिलांनी त्या कम्प्युटरच्या बटणावर पुठ्ठ्याची पाटी लटकवली, तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं.

आई गेल्यापासून ते बदलापूरला मांजर्लीत, तळमजल्यावरच्या घरात एकटे राहतात. मी अंबरनाथ पश्चिमेला, बायकोमुलांसह दोन खोल्यांत. उल्हासनगरच्या एका सिंधी शेठच्या स्टुडिओसाठी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. जुन्या लग्नांच्या फाइली टाकून देता येत नाहीत, कुणाला कधी काय आठवेल सांगता येत नाही. त्या साठवायला मोठ्या डिस्क घालून एक जुना कम्प्युटर मी वडिलांच्या घरी ठेवला. पुराचं पाणी पोचू नये म्हणून कपाटाच्या डोक्यावर. मांजर्लीत कामाची प्रत्येक वस्तू तशीही उंचावरच असते.

तो सारखा चालू ठेवायची गरज नव्हती. शेठचा फोन यायचा, "अरे साईं, वो पिछले साल का संगीत भेज ना, पार्टी सर पे बैठी है!" मग मी अंबरनाथहून मोबाईलवर एक बटण दाबायचो. कम्प्युटर बंद असला तरी त्याचं नेटवर्क कार्ड डुलक्या काढणाऱ्या वॉचमनसारखं अर्धं जागं असतं. राउटरमधून हाक गेली की ते बाकीच्या मशीनला उठवतं. त्यासाठी भिंतीवरचं बटण मात्र चालू लागतं. म्हणून वडिलांना सांगून ठेवलं होतं, "बाबा, हे बटण कधी बंद करू नका."

"का?"

"त्याला तसंच लागतं."

लांबून हाक मारायचं काही बोललो नाही. समजावत बसायचा कंटाळा.

वडिलांची सगळी नोकरी शहाडच्या एका कारखान्यात, इलेक्ट्रिक खात्यात झाली. तिथली रीत त्यांच्या अंगात मुरलेली. ज्याने स्विच बंद केला त्याने त्यावर आपली पाटी लावायची आणि काढायची तीही त्यानेच. दुसऱ्याने हात लावायचा नाही, साहेबानेसुद्धा नाही, कारण पलीकडे कुणाचे तरी हात तारांत असतात. आई मिक्सर पुसायला घ्यायची तेव्हाही ते बटणावर कपड्याचा चिमटा लावून ठेवायचे. आई हसायची. चिमटा मात्र काढायची नाही.

अशा माणसाच्या घरात, दुपारी जेवून ते आडवे झाले की कपाटावर पंखा घुरघुरायला लागायचा आणि हिरवा दिवा लागायचा. भिंतीवरच्या बटणाला मी मना केलं होतं, म्हणून स्टुलावर चढून ते मशीनवरच्या बटणाने बंद करायचे. मग मला फोन. "तुझं मशीन आपोआप चालू होतं रे."

मी शेठच्या घाईत होतो. "आपोआप कसं होईल बाबा? तुमचाच हात लागला असेल."

कपाटाच्या डोक्यावर कुणाचा हात लागतो? त्यांनी विचारलं नाही. सरळ मशीनच्या बटणावर पाटी लावली.

मग शहाडहून ताईचा फोन. "अरे, बाबांना भास व्हायला लागलेत. बंद केलेलं मशीन चालू होतं म्हणतात. पाटी लावलीय त्याला, मला विचारल्याशिवाय चालू करू नये! एकटेच तर राहतात, सांगतायत कुणाला?"

मी "हं" म्हणालो.

आता स्पष्टच लिहितो. कंटाळा हे सुरुवातीचं कारण. नंतरचं वेगळं होतं. नदी वाढल्याची बातमी आली की माझा जीव थाऱ्यावर नसायचा. ते घर सोडून आमच्याकडे या म्हणून भांडून मी थकलो होतो, आणि ते हलत नव्हते. ताईचं बोलणं ऐकून मनात आलं, आता येतील. घाबरून का होईना, येतील. म्हणून मी बटण दाबत राहिलो. एकदा तर कुठलीच फाइल नको असताना दाबलं.

ताई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, आणि गोळी लिहून दिली. त्यानंतर मशीनचा विषय वडिलांनी काढला नाही. पण कुलूप लावून निघाले की अर्ध्या वाटेतून परत येऊन ते ओढून बघायचे. गॅसपाशी नुसते उभे राहायचे. एक दिवस दूध जळालं, शेजारणीने येऊन गॅस बंद केला.

त्या रविवारी ताई आणि मी गेलो तर ते बॅग भरून बसले होते. "चल. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. येतो तुझ्याकडे."

मला हवं होतं ते हेच. ताई स्वयंपाकघरात डबे आवरायला लागली. वडील स्टुलावर चढले, पाटी काढली आणि माझ्या हातात दिली. "माझी होती, मी काढली. आता तुझं मशीन तू बघ."

मी मोबाईल काढला आणि बटण दाबलं. कपाटावर हिरवा दिवा लागला, पंखा फिरला.

त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"तू?"

"हो, बाबा."

"दर वेळी?"

"दर वेळी."

ते पलंगावर टेकले. मला वाटलं ओरडतील. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग ते दूध? तेही तूच?"

हो म्हणून टाकावं असं वाटलं. "नाही, बाबा. दूध तुम्हीच विसरलात."

"दूध मीही विसरते," ताई दारातून म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. "मी त्यांना गोळ्या चालू केल्या रे. आणि तू माझ्याशी हं हं करत होतास!"

वडील पलंगावरून उठले. मग म्हणाले, "पाटी असताना स्विच टाकणाऱ्याला आमच्याकडे गेटच्या आत घेत नसत." माझ्या हातातून पाटी घेतली, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि पाटी त्यावर टांगली. बॅगेतले कपडे एकेक करून परत कपाटात ठेवले.

आता फाइल हवी असली की मी त्यांना फोन करून विचारतो. कधी पाटी काढतात. कधी "आज नाही" म्हणतात, आणि मी शेठच्या शिव्या खातो. आमच्याकडे राहायला या, हे मी पुन्हा म्हटलेलं नाही. नदी वाढते तेव्हासुद्धा नाही.

परवा त्यांच्यासोबत बाजारात निघालो. गल्लीच्या टोकाशी ते थबकले आणि मागे फिरले. मीही मागोमाग गेलो. त्यांनी कुलूप ओढून पाहिलं.

"लागलंय, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा ओढलं.